उसनी फीत

रविवार, १० मार्च २०२४

प्रिय बर्नी,

शनिवारी दुपारी कॉन्व्हेंट शाळेतल्या इस्त्रीच्या खोलीत आपण दोघीच असायचो, आठवतं? बाकीच्या मुली चॅपल पुसायला किंवा बागेत, आणि आपल्या वाट्याला सिस्टर अ‍ॅडेलहाइडच्या जेवणघरातले नॅपकिन. खळीचा वास, वाफेनं धुरकटलेली खिडकी. इस्त्री तापली का ते बघायला तू बोटाला थुंकी लावून तिला शिवायचीस आणि सिस्टर दारातूनच 'बर्नडेट!' म्हणायच्या. अशाच एका शनिवारी तू नॅपकिनांच्या ढिगाखालून माझी निळी फीत काढलीस. ती तू आधीच धुऊन आणली होतीस. तिच्यावर इस्त्री फिरवलीस, बोटाभोवती गुंडाळलीस आणि माझ्या तळहातावर ठेवलीस. म्हणालीस, "घे गं, तुझी तुला."

त्या फितीची गोष्ट आपण कुणालाच सांगितली नाही. मे महिन्यात मेरीमातेच्या मूर्तीला फुलांचा मुकुट कुणी घालायचा हे आख्खी शाळा मतं देऊन ठरवायची. पण मतं कोणत्या दोन नावांवर द्यायची ते आधी मेरीमातेच्या मंडळातल्या निळ्या फितीवाल्या मुली दार लावून ठरवायच्या. तुझे वडील लूथरन, म्हणून तुला फीत नाही. त्या दिवशी मला ताप होता. मी माझी फीत तुझ्या गळ्यात घातली आणि तू माझ्या जागी जाऊन बसलीस. दारातल्या सिस्टर तोंडं बघत नव्हत्या, फिती बघत होत्या. तुझ्या एका मतानं थेरेसा पोस्पिशिलचं नाव पुढं आलं, आणि जिच्या बुटांना भोकं होती त्या मुलीनं त्या वर्षी मुकुट घातला. आपण सोळा वर्षांच्या होतो. पापाची कबुली द्यायला गेलो तेव्हासुद्धा दोघींनी हे गाळलं.

काल संध्याकाळी तू ते दोनशे माणसांसमोर बोललीस.

जेवणाला तूच मला बोलावलं होतंस. तुझी आई, आमच्या नेलमावशी, जाऊन पाच आठवडेच झालेत, तुला हाताशी कुणीतरी हवं असेल असं मला वाटलं. फोनवर तू म्हणालीस, "लिडे, सहा डझन कोलाचे करशील? खसखशीचे जास्त कर." दोन दिवस मी त्या गोड पावांचं पीठ मळत होते. आईचं खसखस दळायचं यंत्र फिरवून खांदा भरून आला. रिपब्लिकन पक्षाच्या जेवणाला ही बाई कशी, असं कुणी विचारलं असतं तर दाखवायला माझ्याकडे कार्ड होतं. गेली दोन वर्षं मी कागदोपत्री त्यांच्यातलीच आहे. कुणासाठी, ते तुला ठाऊक आहे.

तरी लिहिते, कारण काल तुला त्याचा विसर पडला.

एप्रिल २०२२. तू माझ्या स्वयंपाकघरात बसली होतीस. एकतीस वर्षं तू काउंटी कचेरीचा काउंटर सांभाळलास, आणि निवडणूक अधिकाऱ्याची खुर्ची रिकामी झाली तेव्हा तुझ्यासमोर ड्वाइट स्ट्राउड उभा राहिला, ज्याला मतपेटी कुठून उघडते तेही माहीत नव्हतं. आपल्या काउंटीच्या जागांसाठी नोव्हेंबरची निवडणूक म्हणजे नुसता उपचार. जे काय ठरतं ते जूनमध्ये, रिपब्लिकन पक्षाच्या आपसातल्या निवडणुकीत. आणि तिथं मत द्यायला त्यांच्या रकान्यात नाव लागतं. तू माझ्याकडे काही मागितलं नाहीस. एवढंच म्हणालीस, "मला ओळखणारी निम्मी माणसं दाराबाहेर उभी आहेत." आणि जाताना टेबलावर पक्ष बदलायचे पंधरा कोरे अर्ज विसरलीस.

आमच्या घरात डेमोक्रॅट असणं म्हणजे बाप्तिस्म्यासारखं. माझा भाऊ एमिल काउंटीत त्या पक्षाचा अध्यक्ष, आणि त्याचा सगळा पक्ष त्याच्या स्वयंपाकघरातल्या सहा खुर्च्यांवर मावतो. त्याला न सांगता, वडिलांच्या पेननं, मी तो अर्ज भरला. मग जपमाळेच्या मंडळातल्या चौदा जणींना भरायला लावला. तू नऊ मतांनी निवडून आलीस. त्या रात्री तुझ्या घरी माझे दोन्ही हात धरून तू म्हणालीस, "हे दार सगळ्यांना उघडं हवं गं, लिडे. माणसाला वेश बदलून यायला लागू नये."

तुझ्या त्या एका वाक्यावर मी गेलं वर्षभर राज्यघटनेतल्या सुधारणेसाठी सह्यांची वही घेऊन दारोदार फिरले आहे. जूनमध्ये सगळे उमेदवार एकाच पत्रिकेवर, मत सगळ्यांना, आणि पहिले दोघं नोव्हेंबरला. सहा मैल चिखल तुडवून एकेक सही. कुत्रं चावलं, तेव्हा टाक्यांसाठी दवाखान्यात तूच घेऊन गेलीस.

आणि काल तू उभी राहिलीस, चष्मा काढलास आणि म्हणालीस, "पक्ष म्हणजे घर. घरातलं थोरलं कोण, ते घरच्यांनी ठरवायचं. उसनी फीत लावून आत शिरलेल्यांनी नव्हे."

हॉल हसला. त्यांना वाटलं, एखादी जुनी नॉर्वेजियन म्हण असेल. फीत कुणाची हे माहीत असलेली तिथं मी एकटीच होते, आणि माझे कोलाचे त्यांच्या ताटांत होते. तू माझ्याकडे पाहिलंस की नाही, ते मला सांगता येणार नाही. मी ताटाकडे बघत होते.

मला माफी नको. निवडणुकीआधी माजी सैनिकांच्या लीजन हॉलमध्ये या सुधारणेवर सभा होईलच, आणि तुला बोलायला बोलावतीलच. तिथं एकच वाक्य बोल, की मी नऊ मतांनी आले आणि ती मतं बाहेरून आलेल्यांची होती. त्यानंतर हवं तर तासभर विरोधात बोल. मी पहिल्या रांगेत बसून ऐकेन.

तुझी,
लिडा

ईस्टरचा सोमवार, १ एप्रिल २०२४

बर्नी,

तुझं उत्तर आलं नाही. यादी आली.

धान्याच्या कोठारावर पुरुष सकाळी कॉफीला जमतात, तिथल्या फळीवर ती लावली आहे. २०२२ सालच्या मे महिन्यात ज्यांनी पक्ष बदलला त्यांची नावं, पत्ते, बदलल्याची तारीख. पंधरा नावं, पहिलं माझं. वर कुणीतरी जाड पेनानं मथळा लिहिलाय, 'उसन्या फिती'. म्हणजे तुझा शब्द आता गावाचा झाला.

स्ट्राउडनं तुझ्या कचेरीत रीतसर अर्ज करून यादी घेतली, हे मला कळलं. मत कुणाला दिलं ते गुप्त असतं, पण कुणाच्या दारानं आत गेलात ते उघड असतं. मागेल त्याला द्यावंच लागतं. तू कायदा मोडला नाहीस. तू कधीच मोडत नाहीस. पण तू मला एक फोन करू शकली असतीस. 'लिडे, उद्या यादी बाहेर जाईल, एमिलला तूच सांग,' एवढं म्हणायला किती वेळ लागतो?

एमिल गुरुवारी आला. दारातच उभा राहिला, टोपीसुद्धा काढली नाही. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, थंडीनं नाक लाल झालेलं. मी आत ये म्हटलं तर म्हणाला, इथंच बरा आहे.

"खरं आहे ते?"

"हो."

त्यानं पायरीवरचं बर्फ बुटानं बाजूला सारलं. मग म्हणाला, "लूथरन झाली असतीस तर समजू शकलो असतो, लिडे. निदान देव तरी तोच."

मला हसू आलं, आणि ते त्याला दिसलं, हे फार वाईट झालं. मी म्हटलं, बर्नीसाठी केलं. तो म्हणाला, बर्नीला मीही मत दिलं असतं, नोव्हेंबरला. मी म्हटलं, नोव्हेंबरला तिथं काय उरतं? मग माझ्या सह्यांच्या वहीचा विषय निघाला. मला वाटत होतं, तो तरी या सुधारणेच्या बाजूनं असेल. तर तो तुझ्याहून विरोधात निघाला.

"तुझं ते उघडं दार आलं, की पहिले दोघं त्यांचेच येणार," तो म्हणाला. "आज विधिमंडळाच्या जागेला निदान माझा एक माणूस नोव्हेंबरच्या पत्रिकेवर हरायला तरी उभा असतो. उद्या तोही नसेल. आमचा हरायचा हक्कसुद्धा तू काढून घेणार, आणि वर म्हणणार, दार उघडलं."

 त्याला उत्तर मला नंतर सुचलं, की जूनची निवडणूक सगळ्यांच्या करातून होते आणि निम्मी माणसं खिडकीतून बघतात. की नुसतं हरण्यासाठी राखून ठेवलेली जागा ही काय जागा? पण तोवर त्याची गाडी वळणापलीकडे गेली होती. आणि खरं सांगू, त्याचं म्हणणं पूर्ण खोडता येत नाही. मी प्रयत्न केला आहे.

काल ईस्टरच्या जेवणाला तो आला नाही. आयुष्यात पहिल्यांदा. मी कोकराच्या आकाराचा केक केला होता, आई करायची तसा, मनुकांचे डोळे लावून. त्याचा डावा कान एमिलचा, हे तो पाच वर्षांचा असल्यापासून ठरलेलं. कान तसाच राहिला. आज सकाळी मी तो झाकून ठेवला, आणि झाकल्यावर आणखीच वाईट दिसायला लागला.

त्या चौदा जणींतली अ‍ॅग्नेस टूमा जपमाळेला यायची बंद झाली आहे. तिच्या नवऱ्याला कोठारावर कुणीतरी विचारलं, तुझी बायको हल्ली कुठल्या घरात झोपते?

हे सगळं तू घडवून आणलंस असं मी म्हणत नाही. तू फक्त काउंटरवर उभी होतीस आणि कागद पुढे सरकवलास. तेच मला सहन होत नाही.

लिडा

सोमवार, १९ ऑगस्ट २०२४

बर्नी,

पाकीट मिळालं. काउंटी कचेरीचा शिक्का, पत्ता टाइप केलेला, आत चिठ्ठी नाही. नुसती एका कागदाची प्रत. जून २०२२, रिपब्लिकन पक्ष, विधिमंडळाची जागा. रेक्स डाल्बी ४१२, कार्ल हागेन ४०६. आणि समासात तुझ्या लाल पेन्सिलीनं लिहिलेला सहाचा आकडा, त्याभोवती गोल.

मी तो कागद तीन आठवडे साखरेच्या डब्याखाली ठेवला होता. आता उत्तर देते.

दोन्ही पत्रांत मी एक गोष्ट गाळली. सवय जुनी आहे, कबुलीच्या खोलीपासूनची.

त्या जूनमध्ये मतदानाला जाताना मी दोन फेऱ्यांत चौदा जणींना गाडीतून नेलं, हे तुला माहीत आहे. जाताना गाडीत मी काय म्हणाले, तेही तुला माहीत आहे, कारण मीच तुला त्या रात्री हसत हसत सांगितलं होतं. पहिली खूण बर्नीच्या नावापुढे. आणि खालच्या ओळीत हागेन आणि डाल्बी आहेत ना, तिथं डाल्बीला करा. गंमत येईल. एमिल नेहमी म्हणायचा, त्यांनी एकदा तरी मूर्ख माणूस उभा करावा, म्हणजे आमचा माणूस निवडून येईल. कार्ल हागेन भला माणूस, तो नोव्हेंबरला हरला नसता. डाल्बीला सभेत स्वतःच्या जिल्ह्यातली गावं धड सांगता येत नव्हती. मला वाटलं, आत आलोच आहोत तर भावासाठीही एक काम करून जाऊ.

पंधरा मतं. तू नऊनं आलीस आणि तो सहानं. नोव्हेंबरला एमिलच्या उमेदवाराला लोकांनी विचारलंसुद्धा नाही. डाल्बी हसत हसत निवडून गेला. आपल्याकडे नोव्हेंबरला लोक नाव वाचत नाहीत, रकाना वाचतात. हे सगळं गाव ओळखून असताना मलाच कसं कळलं नाही?

त्या रात्री तूही हसली होतीस, बर्नी. तेवढं मला लिहू दे.

पुढचं तू लिहिलं नाहीस, पण सहाभोवतीच्या त्या गोलात तेच आहे. वृद्धनिवासांच्या पैशाचा ठराव समितीत एका मतानं पडला, ते मत डाल्बीचं. गेल्या सप्टेंबरात आपल्या गावचं निवास बंद झालं. नेलमावशींना नव्वद मैलांवर हलवावं लागलं. जिथं त्यांच्या खिडकीतून तुझी कचेरी दिसायची, तिथून जिथं त्यांना कुणी ओळखत नव्हतं अशा जागी. दर रविवारी तू जायचीस. आणि फेब्रुवारीत बर्फाच्या वादळात रस्ता बंद झाला तेव्हा तू अर्ध्या वाटेत पेट्रोल पंपावर अडकलीस आणि तिकडे त्या गेल्या.

दफनाच्या दिवशी तू माझा हात धरला नाहीस. मला वाटलं, दुःख आहे. मी सँडविच वाढत राहिले.

तुझ्या मनात हे केव्हा जुळलं? निवास बंद झालं तेव्हा, की त्या पेट्रोल पंपावर बसून? आणि जुळल्यावर तू माझ्याकडे कोलाचे का मागितलेस? तेवढंच मला समजत नाही. माझ्या स्वयंपाकघरात येऊन तू म्हणाली असतीस, 'लिडे, माझ्या आईला तू नव्वद मैल लांब धाडलंस,' तर मी खाली बसले असते आणि पुन्हा उठले नसते. तो तुझा हक्क होता. पण तू हॉल निवडलास, आणि दोनशे माणसांसमोर आपली सोळाव्या वर्षीची गोष्ट निवडलीस. मला शिक्षा द्यायला तुला त्याच मुलीची फीत लागली, जिनं ती तुझ्या गळ्यात घातली होती.

तू म्हणशील, बघ, मी सांगत होते तेच. बाहेरच्यांना आत घेतलं की ते घर लुटतात. मी यावर फार विचार केला आहे, सह्या देऊन झाल्यावरसुद्धा. मला वाटतं, माणूस वेश करून आत आला की त्याला खोडी काढायची इच्छा होते. आपला चेहरा लावून, उघड्या दारानं, आपल्या खऱ्या माणसाला मत द्यायला मी गेले असते, तर मी हागेनलाच खूण केली असती. मला तो आवडायचा. त्याच्या आईला मी पेज नेऊन द्यायचे. हे मी स्वतःला सोडवायला म्हणते आहे की खरं आहे, ते मला आता कळत नाही. सिस्टर असत्या तर त्यांनी एका नजरेत सांगितलं असतं.

नेलमावशींबद्दल मी काय लिहू? चार कागद फाडले.

ऑक्टोबरच्या सभेला मी येणार आहे. तू ते एक वाक्य बोललीस, तर दुसरं मी बोलेन. उठून उभी राहीन आणि डाल्बीचं सांगेन, एमिलसमोर.

लिडा

शनिवार, ३० नोव्हेंबर २०२४

बर्नी,

सभेत काय झालं ते आपण दोघींनी पाहिलं. एकानं तुला सरळ विचारलं, २०२२ मध्ये तुम्ही किती मतांनी आलात? तू म्हणालीस, "आकडे कचेरीत आहेत. दहा ते चार, कुणालाही बघता येतात." माझ्याकडे पाहिलंस. या वेळी मीही पाहत होते. तू एक वाक्य बोलायचंस आणि मी दुसरं. तू बोलली नाहीस आणि मीही खुर्चीवरून उठले नाही. माझ्या मांडीवर पर्स होती, मी तिचा बंद उघडत होते आणि लावत होते. मागच्या रांगेत एमिल बसला होता.

सुधारणा पडली. आपल्या काउंटीत तर शंभरातल्या सत्तरांनी नको म्हटलं. त्यांतला एक एमिल, आणि एक तू. मी हो म्हणूनच खूण केली. मतपत्रिकेसमोर बराच वेळ उभी होते. मला वाटलं, दाराला कुलूप होतं म्हणून मी काही शहाणी झाले नव्हते; कुलूप होतं तेव्हाच तर मी ते केलं. तुला पटणार नाही. कदाचित तुझंच बरोबर असेल.

डाल्बीचं एमिलला मी सभेनंतरच्या रविवारी सांगितलं, दोघांत. तो उठला, चहाचं भांडं गॅसवर ठेवलं, आणि पाठमोराच म्हणाला, "मूर्ख माणूस उभा करावा, हे मीच म्हणायचो ना?" मग म्हणाला, "आता म्हणणार नाही." त्याच्या घरी तेवढ्याला कबुली म्हणतात. तो परत यायला लागला आहे, पण त्याचा गुडघा गेला आहे आणि जिना त्याला चढवत नाही. म्हणून हे पत्र तुला.

मी सोमवारी डुलूथला, शेजारच्या राज्यात, मुलीकडे जाते आहे, राहायलाच. तिथं नाव नोंदवताना पक्ष विचारतच नाहीत म्हणे. जूनऐवजी ऑगस्टमध्ये जायचं, हवं ते दार त्या दिवशी निवडायचं, आणि कुणाच्या दारानं गेलात ते शेजाऱ्याला कळत नाही. मुलगी म्हणाली, आई, तुला आवडेल. मी म्हटलं, मला आता दारांचा कंटाळा आलाय.

तुला माफ केलं असं लिहायला बसले होते, आणि पेन थांबलं. खोटं सुवाच्य अक्षरात लिहू नये, असं सिस्टर म्हणायच्या. तूही मला माफ केलेलं नाहीस, हे मला माहीत आहे. तरी घराची किल्ली या पाकिटात आहे, कारण या गावात दुसऱ्या कुणाकडे द्यावी असं मनात आलं नाही.

वरच्या खोलीत टेबलावर सगळं काढून ठेवलं आहे, प्रत्येकावर चिठ्ठी आहे. तरी लिहिते.

आईचं खसखस दळायचं यंत्र अ‍ॅग्नेस टूमाला. ती घेणार नाही म्हणेल; तिच्या पायरीवर ठेव आणि निघून ये. तिला सांग, गाडीत बसताना ती एकटीच मला विचारत होती, 'लिडा, हे बरोबर आहे का गं?' आणि मी म्हटलं होतं, बस आत.

कोलाच्यांची कृती ड्वाइट स्ट्राउडच्या बायकोला. त्या जेवणाला तिनं तीनदा मागितली होती. खसखशीत मध किती घालायचा ते मी लिहिलेलं नाही. तेवढं मला करू दे.

कोकराच्या केकचा साचा एमिलला, आणि वडिलांचं पेन. त्यानं केक करायचा नाही, तो घर जाळेल. साचा नुसता भिंतीवर लावायचा. डावा कान कुणाचा ते आत खरवडून लिहिलं आहे.

सह्यांच्या वहीत चाळीस कोरी पानं उरली आहेत. ती शाळेत दे, चित्रं काढायला.

खिडकीतलं तांबडं जिरेनियम हे नेलमावशींच्या निवासातल्या खिडकीतलं आहे. निवास रिकामं करत होते तेव्हा मी ते उचलून आणलं आणि तुला सांगितलं नाही. मला तेव्हाच काहीतरी समजलं असणार. हिवाळाभर ते तुझ्या कचेरीत ठेव, काउंटरवर ऊन येतं. मे महिन्यात जमीन मऊ झाली की त्यांच्याजवळ लाव.

मतदारयादीतून नाव काढून टाकायचा माझा अर्ज सही करून सोबत आहे. तो त्या नव्या मुलीच्या हातात देऊ नकोस. वही तू उघड आणि माझं नाव तू काढ. एमिल म्हणत होता, जाण्याआधी निदान रकाना तरी बदल. मी बदलला नाही. तुझ्यासाठी जिथं लिहिलं होतं, तिथंच आहे.

आणि फीत. ती माझ्या प्रार्थनेच्या पुस्तकात होती, तू बोटाभोवती गुंडाळली होतीस तशीच. पंचावन्न वर्षांत मी ती उलगडली नाही. ती तुला. या वेळी इस्त्री करून परत आणू नकोस.

लिडा